राइड-ऑन मोअरचा दम जातोय? कधी जातो ते आधी बघा

इंदूरला खंडवा रोडच्या बाजूला एका फार्महाऊसचं लॉन मी सांभाळतो. बसून चालवायची गवत कापायची गाडी आहे, पेट्रोलवाली, दोन सिलिंडरची. पावसाळा लागला की ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, की दादा गाडी चालू तर होते पण गवतात घातली की दबते, कार्बोरेटर खोलू का. मी म्हणतो थांबा, पाना खाली ठेवा, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. आधी सांगा दम कधी जातो: चालू केल्यापासूनच नसतो, वीसेक मिनिटांनी जातो, का फक्त ब्लेड लावल्यावर, म्हणजे फिरायला लागल्यावर जातो? यावरूनच अर्धं काम होतं.

हात घालण्याआधी चावी काढून खिशात, दोन्ही प्लगच्या टोप्या काढून बाजूला, आणि इंजिन गार. डेकखाली, म्हणजे ब्लेडवर असलेल्या पत्र्याच्या आवरणाखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच जाऊ नका, लाकडी ठोकळे लावा.

फक्त ब्लेड लावल्यावर दबते, एरवी छान पळते, असं असेल तर बहुतेक वेळा इंजिनची चूक नसते. आपली माळव्याची काळी माती आणि ओलं गवत मिळून डेकच्या आतून असा थर बसतो की जणू शेणाने सारवलंय, मी तीन-तीन बोटं जाड थर खरवडून काढलाय. त्यात ब्लेड फिरायला जागाच राहत नाही, सगळी ताकद तिथेच जाते. खरवडून झालं की ब्लेड हाताने फिरवून बघा, अडखळलं किंवा आतून वाळू असल्यासारखी करकर आली तर बेअरिंग गेलंय. ब्लेडची धारही बघा, बोथट ब्लेड गवत कापत नाही, ओढून फाडतं, दुसऱ्या दिवशी गवताची टोकं पांढरट दिसतात. आणि गुडघ्याएवढं गवत एका फेरीत कापायचा हट्ट नको, आधी डेक वर ठेवून एक फेरी, मग खाली करून दुसरी.

इथेच एक सवय मोडायला सांगतो. पेट्रोल वाचवायला बरेच जण थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून कापतात. ही इंजिनं पूर्ण थ्रॉटलवर, साधारण 3,300 ते 3,600 आरपीएमला कापायला बनवलेली असतात, आणि गार करणारा पंखा फ्लायव्हीलवरच असतो. म्हणजे अर्ध्या थ्रॉटलला ताकदही कमी आणि हवाही कमी, इंजिन उगाच तापतं.

आता वीस मिनिटांनी दम जातो ती गोष्ट, कारण याच्यातच लोकांचे पैसे फुकट जातात. माझ्याच गाडीला एका जुलैत असं झालं, सुरुवातीला एकदम फर्स्ट क्लास, मग हळूहळू भुकेल्यासारखी फडफडायची आणि बंद, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. एका मेस्त्रीने कार्बोरेटर बदलला, चांगले पैसे गेले, गाडी तशीच. शेवटी एकदा ती दबायला लागल्याबरोबर टाकीचं झाकण सैल केलं तर आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि मिनिटभरात इंजिन पूर्ववत. झाकणात हवा जायला बारीक भोक असतं, त्यात धूळ आणि गवताचा भुगा मिळून पुट्टी भरल्यासारखा बसला होता. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल खाली येईना. झाकण साबणाच्या पाण्यात धुतलं, वाळवलं, विषय संपला. म्हणून हे सगळ्यात आधी करून बघा, फुकट आहे.

झाकण ठीक असेल तर वरचं पत्र्याचं आवरण काढा. इंजिन हवेवर गार होतं, सिलिंडरच्या पाकळ्यांत गवत भरलं की ते भट्टीसारखं तापतं. उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत मला तिथे उंदराचं अख्खं घरटं सापडलंय, सुकं गवत आणि पन्नीचे तुकडे. ब्रशने साफ करा, गरम इंजिनवर पाणी अजिबात मारू नका. तरीही तापल्यावरच मार खात असेल तर इग्निशन कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भागावर संशय घ्या. काही कॉइल गार असताना बरोबर चालतात आणि गरम झाल्या की ठिणगी देणं बंद करतात, त्यामुळे ठिणगीची टेस्ट गाडी बंद पडल्याबरोबर करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी करून काही कळत नाही. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट बऱ्याच इंजिनांना 0.25 ते 0.35 मिमी लागते, जवळपास व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी.

चालू केल्यापासूनच मरगळलेली असेल तर पहिला एअर फिल्टर. उजेडासमोर धरा, उजेड आरपार दिसला नाही तर बदला. कागदाचा फिल्टर धुवायचा नाही आणि कंप्रेसरची हवाही मारायची नाही, कागद फाटतो आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. फोमचा असेल तो साबणाने धुवून पूर्ण वाळवून लावा. चोक पूर्ण उघडतोय का तेही डोळ्याने बघा, केबल अडकून चोक अर्धा लागलेला राहतो आणि गाडी काळा धूर सोडत दबते.

दोन सिलिंडरवाल्यात एक सिलिंडर बंद असला तरी गाडी चालू होते, फक्त जीव नसतो. ओळखायची सोपी रीत: गार इंजिन चालू करा आणि अर्ध्या मिनिटाने दोन्ही बाजूंच्या सायलेन्सर पाइपवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. एकीकडे चर्र होऊन उडालं आणि दुसरीकडे थेंब तसाच बसून राहिला तर ती बाजू मेलीय. तिकडचा प्लग काढा. कॉफीसारखा रंग असेल तर ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येतंय, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडून तापतोय. प्लगच्या टोकाची फट, म्हणजे गॅप, बहुतेकांना 0.76 मिमी, इंदूरच्या सियागंज बाजारातून एक फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आणून ठेवा, अंदाजाने लावू नका.

पेट्रोलचं जरा नीट समजून घ्या. आता पंपावर जे मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि या छोट्या इंजिनांच्या पुस्तकात बहुतेक 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, जिथून नळी निघते तिथेच. बरणीत थोडं पेट्रोल काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर सगळं काढून टाका. महिन्याच्या वर जुनं पेट्रोल गाडीत ठेवू नका. फ्युएल फिल्टर बदला, रबरी नळी आतून फुगलीय का बघा. एवढं सगळं करूनही इंजिनचा आवाज वर-खाली होत राहिला, तेव्हाच कार्बोरेटरची वाटी उघडा आणि मेन जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) क्लीनरने व तांब्याच्या एका बारीक तारेने साफ करा. सुई घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेला.

ऑइल सपाट जागेवर बघा, कमी तर वाईटच पण जास्त भरलं तरी धूर येतो आणि ताकद जाते. आणि इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, तेवढ्यानेच पाच-सहा टक्के ताकद कमी मिळते, मे महिन्यात अजून थोडी. एवढा फरक बिघाड समजू नका.

हे सगळं ठीक निघालं तर मग टॅपेट, हेड गॅस्केट आणि कंप्रेशन, ते मेस्त्रीचं काम. त्याच्याकडे जाताना काढलेले दोन्ही प्लग कुठल्या बाजूचा कुठला ते लिहून सोबत न्या, आणि दम नेमका किती मिनिटांनी जातो ते सांगा.