मुलांकडे मोबाईल नसले तरी वर्गात पोल घेता येतो
प्लिकर्स नावाचं ॲप आहे, त्यात फोन फक्त शिक्षकाकडे लागतो. प्रत्येक मुलाला एकेक छापील कार्ड द्यायचं, त्याच्या चार बाजू म्हणजे ए बी सी डी, मुलाने आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं स्क्रीनवर. शेजाऱ्याचं बघून कॉपी करणंही जमत नाही कारण प्रत्येक कार्डावरचा पॅटर्न वेगळा असतो.

पण खरी गंमत पुढे आहे. उत्तर लगेच सांगून टाकू नका! हार्वर्डचे फिजिक्सचे प्रोफेसर एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात वापरलेली पद्धत बघा, साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर सगळ्याच मुलांना शेजारच्याला आपलं उत्तर पटवून द्यायला सांगायचं, दोन-तीन मिनिटं गोंधळ होईल तो होऊ द्या, मग परत पोल. त्याहून कमी बरोबर असतील तर मात्र आधी तुम्हीच पुन्हा समजवा.

चुकीचे पर्याय मुलं नेहमी करतात त्याच चुकांमधून घ्या, म्हणजे १/२ + १/३ ला २/५ हा पर्याय हवाच. आणि कार्डं लॅमिनेट करणार असाल तर मॅट घ्या, चकचकीत असली की लाईट पडून स्कॅन होत नाहीत.