रडण्याआधीच बाळ सांगतं

लेक बाळंतपणाला आली तेव्हा बाळ रडलं की आम्ही सगळ्या धावत सुटायचो. आता नात ७ महिन्यांची आहे, आणि प्रत्येक नव्या आईला मी सांगते: रडण्याची वाट बघू नकोस. रडणं हा भुकेचा शेवटचा निरोप. त्याआधी बाळ मान इकडेतिकडे वळवतं, ओठ चाटतं, मूठ तोंडात घालतं. तेव्हाच पदराखाली घे. रडून लाल झालेल्या बाळाला नीट पिता येत नाही, आधी खांद्यावर घेऊन शांत करावं लागतं.

आपण चुकतो ते पाहुणे आल्यावर. 'बघ, कोण आलंय!' म्हणत खुळखुळा नाचवत राहतो. बाळ तोंड फिरवतं. ते रुसलेलं नसतं, 'पुरे आता' म्हणत असतं. खुळखुळा खाली ठेवायचा, गप्प बसायचं. आमची नात थोड्या वेळाने आपणहून वळायची.

नवजात बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणून बोलताना चेहरा जवळ न्यावा. बाळाने 'अगूं' केलं की आपणही 'अगूं' म्हणायचं आणि थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं, कारण पुढची पाळी बाळाची असते. साधारण दीड-दोन महिन्यांत हसून उत्तर येतं.

डोळे चोळले, जांभई दिली की दुपट्यात घेऊन निजवावं.

मात्र ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, दूध ओढत नसेल किंवा ते सुस्त पडलं असेल, तर खुणांचे अर्थ लावत बसू नये. लगेच डॉक्टरांकडे न्यावं.