कपाटाएवढ्या बंदिस्त जागेसाठी ग्रो लाइट कसा निवडावा?

रिकाम्या कपाटात, ग्रो टेंटमध्ये किंवा दार लावलेल्या शेल्फात रोपं वाढवायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी दिवा घेतात आणि मग तो त्या जागेत बसवायची खटपट करतात. क्रम याच्या उलट हवा. बंदिस्त जागेत उंची मोजकी असते आणि दिव्याच्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. दिवा कोणता चालेल हे या दोन गोष्टींनीच अर्धंअधिक ठरवलेलं असतं. म्हणून आधी मोजपट्टी हातात घ्या, मग कागद-पेन्सिल, आणि खरेदीकडे सगळ्यात शेवटी वळा.

उंचीची वजाबाकी

पेटीची आतली उंची मोजा. तिच्यातून कुंडीची उंची, दिव्याची जाडी आणि टांगणी, शिवाय शेंड्यापासून दिव्यापर्यंत सोडायचं मोकळं अंतर वजा करा. जे उरेल तेवढंच रोपाच्या वाट्याला येतं. समजा पेटी १२० सें.मी. उंच आहे. कुंडीचे २०, दिवा आणि टांगणीचे १०, मोकळ्या अंतराचे ३० गेले, की रोपाला ६० सें.मी. राहतात. एवढ्यात लेट्यूस, तुळस, पालेभाज्या आणि बुटक्या जातीची मिरची छान होते. सतत उंच वाढत जाणाऱ्या जातीचा टोमॅटो मात्र होत नाही, दिवा कितीही चांगला असो. ५० सें.मी. उंचीच्या कप्प्यात कुंडीऐवजी उथळ ट्रे, पातळ दिवा आणि कमी मोकळं अंतर धरूनही हातात जेमतेम २० सें.मी. उरतात. तो कप्पा मायक्रोग्रीन (कोवळी असतानाच कापून खायची रोपं) आणि बियांपासून रोपं तयार करण्यासाठी ठेवावा.

दिव्याचा आकारही याच वजाबाकीतून ठरतो. जागा बुटकी असेल तर प्रकाश पसरायला अंतर मिळत नाही. मध्यभागी एकच प्रखर एलईडी असलेला दिवा लावला की मधलं रोप करपतं आणि कोपऱ्यातली रोपं मधल्या उजेडाकडे माना वाकवून किडकिडीत वाढतात. अशा जागेत पसरट पॅनेल घ्यावं किंवा समांतर पट्ट्यांचा दिवा घ्यावा. तेवढेच वॅट चार पट्ट्यांत वाटले गेले की शेंड्यापासून १५-२० सें.मी.वर टांगूनही पीक एकसारखं येतं. माझ्या मते छोट्या जागेत ताकदीपेक्षा हा पसरटपणा जास्त मोलाचा आहे.

रोपाला किती प्रकाश हवा?

खोक्यावरचे ल्युमेन इथे उपयोगाचे नाहीत. ल्युमेन माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं माप आहे आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. प्रकाशसंश्लेषणासाठी मोजायचा असतो ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा, आणि त्यातले प्रकाशकण मायक्रोमोल या संख्येच्या एककात मोजतात; दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल. तीन आकडे ओळखीचे करून घ्या. दिवा दर सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल बाहेर टाकतो ते पीपीएफ. एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला किती पडतात ते पीपीएफडी. आणि दिवसभरात त्या चौरस मीटरवर जमा झालेले एकूण मोल म्हणजे डीएलआय.

निवड करताना सुरुवात डीएलआयपासून करा, कारण रोपाचं दिवसाचं पोषण त्या आकड्यात असतं. मायक्रोग्रीन आणि कोवळ्या रोपांना साधारण ६ ते १२, लेट्यूस-तुळशीसारख्या पानांच्या पिकांना १२ ते १७, आणि फळावर येणाऱ्या मिरची-टोमॅटोला २० ते ३० मोल लागतात.

यानंतर तास ठरवा. पानांच्या बहुतेक पिकांना १६ तास चालतात, पण पालकाला दिवस लांबला की तो तुऱ्यावर येतो. त्याला १२ तासांच्या आसपासच ठेवा. शेवंतीला कळ्या धरायला मोठी रात्र लागते. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं. चोवीस तास दिवा चालू ठेवून वाढ दुप्पट होईल ही आशा सोडून द्या. अखंड उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडून खराब होतात.

आता गणित करू. पेटीचा तळ ६० × ६० सें.मी., म्हणजे ०.३६ चौ. मीटर. पीक लेट्यूस, हवे १४ मोल, दिवा १६ तास. डीएलआयला तासांनी आणि पुन्हा ०.००३६ ने (तासाचे ३६०० सेकंद भागिले दहा लाख) भागा: १४ ÷ १६ ÷ ०.००३६, म्हणजे सुमारे २४३. हा तुमचा पीपीएफडी. त्याला ०.३६ ने गुणलं की दर सेकंदाला सुमारे ८८ मायक्रोमोल पानांवर पोचायला हवेत. काही प्रकाश भिंतींत आणि फटींत वाया जातो, म्हणून ७५ टक्केच पोचतो असं धरा. दिव्याचा पीपीएफ मग ११७ च्या घरात हवा. दिवा एका जूल विजेतून २.५ मायक्रोमोल काढत असेल, तर ४७ वॅट पुरले, कारण एक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल. फळावरच्या मिरचीसाठी २५ मोल आणि १४ तास धरून हेच केलं की उत्तर ९५ वॅटच्या आसपास येतं. म्हणजे त्याच पेटीत पीक बदललं की दिवा दुप्पट मोठा लागतो.

रंगाबद्दल थोडक्यात

पांढरा फुल स्पेक्ट्रम (सगळे रंग असलेला) एलईडी घ्या, ३००० ते ४००० केल्विनचा; केल्विनचा आकडा पांढऱ्या उजेडाची छटा सांगतो. सोबत ६६० नॅनोमीटरचे थोडे लाल दिवे असले तर उत्तम. फक्त लाल-निळ्या एलईडीचा जांभळा उजेड हवाच असं नाही, कारण पानं हिरवा प्रकाशही वापरतात. शास्त्रज्ञ मॅक्री यांनी १९७२ मध्ये अनेक पिकांवर केलेल्या मोजमापात ते दिसलं आहे. जांभळ्या उजेडाची मोठी अडचण वेगळीच आहे: त्यात पान पिवळं पडतंय की नाही, ठिपका बुरशीचा आहे की सावलीचा, काहीच कळत नाही. बंद पेटीत रोग झपाट्याने पसरतो, तेव्हा रोपं नीट दिसणं फार गरजेचं आहे. आणखी एक, निळ्या प्रकाशाने रोप आटोपशीर राहतं, तर ७३० नॅनोमीटरच्या फार-रेड (लालच्या पलीकडच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या) प्रकाशाने ते उंचावतं. कमी उंचीच्या जागेत फार-रेड भरपूर असलेला दिवा टाळलेला बरा.

उष्णता

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. दिव्याने घेतलेल्या विजेतला जेमतेम काही टक्के भाग रोप साखरेत साठवतं. बाकी सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पेटीतच राहते, दिवा एलईडीचा असला तरी. १०० वॅटचा एलईडी आतली हवा १०० वॅटच्या हीटरइतकीच तापवतो, आणि त्यातली काही उष्णता पानांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पात जाते म्हणून दमटपणाही वाढतो.

किती हवा बाहेर काढायची याचा ढोबळ हिशेब असा: वॅटला ३ ने गुणा आणि आत किती अंश तापमानवाढ चालेल त्याने भागा. उत्तर येतं दर तासाला किती घनमीटर हवा हवी ते. १०० वॅट आणि ५ अंशांची मुभा धरली तर ६० घनमीटर. पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. नळी वळवली किंवा फिल्टर लावला की तो खाली येतो, म्हणून दीडपट ते दुप्पट क्षमतेचा पंखा घ्यावा. गरम हवा वर जाते, तेव्हा पंखा वरच्या बाजूला आणि ताज्या हवेचं भोक खाली ठेवा. ही ताजी हवा फक्त गारव्यासाठी नसते. बंद पेटीतला कार्बन डायऑक्साइड रोपं शोषून घेतात, तो भरून आला नाही तर वाढ खुंटते.

पंख्याला जागाच नसेल, तर दिवा लहान घ्या आणि पीकही कमी प्रकाशाचं निवडा. दिवा रात्रीच्या थंड तासांत चालवणं हाही चांगला उपाय आहे, रोपाला त्याने फरक पडत नाही. विजेचा ५ ते १० टक्के भाग साधारणपणे ड्रायव्हरमध्येच, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीत, तापून जातो, तेव्हा ड्रायव्हर वेगळा करून पेटीबाहेर ठेवता येणारा दिवा मिळाला तर तोच घ्या. सोडियमचे दिवे अशा जागेत आणूच नयेत. त्यांचा बल्ब प्रचंड तापतो आणि जवळची पानं भाजतात. टी-५ ट्यूब (बारीक फ्लुरोसंट नळ्या) रोपं तयार करायला अजूनही चालतात.

खोक्यावर काय वाचायचं

ठळक अक्षरांतला ‘१००० वॅट’ पुष्कळदा जुन्या दिव्यांशी तुलना करून लिहिलेला असतो. प्रत्यक्षात तो दिवा १०० वॅटच घेत असेल. ‘प्रत्यक्ष वीजवापर’ शोधा. पीपीएफला त्याने भागून दर जूलमागे किती मायक्रोमोल ते काढा. २.५ किंवा जास्त असेल तर दिवा चांगला, २ च्या खाली असेल तर सोडून द्या. वीजवापर आणि पीपीएफ दोन्ही लिहिलेले नसतील, तर तो दिवा मी घेणार नाही.

पीपीएफडीचा नकाशा दिला असेल तर तो किती उंचीवर मोजलाय आणि कडेचे आकडे किती आहेत ते पाहा. फक्त मधला आकडा देणाऱ्याकडून काहीच समजत नाही. प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर असावाच. पाणी आणि दमट हवा यांचा विचार करता आयपी६५ संरक्षण (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून) आणि तीन पिनांचा अर्थिंग असलेला प्लग पाहा. आयुष्य ५०,००० तास लिहिलं असेल, तर रोज १६ तासांच्या हिशेबाने ती साडेआठ वर्षं होतात. ५० वॅटचा दिवा १६ तास चालला की दिवसाला ०.८ युनिट वीज जाते.

टांगणं आणि मोजणं

आतल्या भिंतींना पांढरा मॅट रंग द्या. तो ८५-९० टक्के प्रकाश परत फेकतो. चुरगळलेल्या चकचकीत फॉइलने एखाद्याच जागी प्रखर ठिपके पडतात. दिवा अशा साखळीवर टांगा की कडी बदलून वर-खाली करता येईल. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडेल. टायमर लावा.

पीपीएफडी मोजायचं यंत्र महाग असतं, पण पांढऱ्या एलईडीखाली फोनच्या लक्स मीटरने अंदाज येतो. आलेल्या लक्सला ६७ ने भागा. १६,००० लक्स म्हणजे साधारण २४०. जांभळ्या दिव्याला हा भागाकार लागू पडत नाही. शेंड्यांच्या पातळीवर मध्यभागी आणि चार कोपऱ्यांत, अशी पाच ठिकाणी नोंद घ्या. कोपऱ्यातला आकडा मधल्याच्या निम्म्यावर आला असेल तर दिवा थोडा वर घ्या आणि डिमरने प्रकाश वाढवा.

नव्या रोपांना पहिले काही दिवस निम्म्या प्रकाशात ठेवून मग हळूहळू वाढवा. दोन पेरांमधलं अंतर वाढून खोड बारीक होऊ लागलं तर प्रकाश कमी पडतोय. वरची पानं फिकट, जवळजवळ पांढुरकी झाली किंवा कडा वर वळल्या, तर दिवा फार जवळ आहे. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर प्रकाश थोडा उतरवा आणि पानांवरून हवा खेळती राहील असा छोटा पंखा लावा. वाढ वेगात असताना आतल्या पानांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही, त्यामुळे असं होतं. रोपं वाढली की शेंडे दिव्याच्या जवळ येतात आणि आधीचे सगळे आकडे बदलतात, म्हणून दर आठवड्याला अंतर पुन्हा मोजा आणि साखळी एक-दोन कड्यांनी वर घ्या.