डिमेन्शिया झालेल्यांसाठी घरासारखं केंद्र चालवताय? या चुका टाळा

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी घरासारखं केंद्र काढायचं ठरलं की लोक आधी पडद्यांचा रंग ठरवतात. नेदरलँड्समधल्या वेस्पला २००९ साली सुरू झालेल्या होगेवेक या डिमेन्शिया झालेल्यांच्या वस्तीचे फोटो घेऊन माझ्याकडे येणारे तर कितीतरी. त्यातला चौक, दुकान, नाट्यगृह सगळ्यांना हवं असतं. तिथे एका घरात सहा-सात जणच राहतात आणि स्वयंपाक त्या त्या घरातच होतो, याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. चाळीस खाटांच्या हॉलला नवा रंग दिला म्हणून त्याचं घर होत नाही.

सगळ्यात जास्त नडते ती चूक म्हणजे माणूस आयुष्यभर काय करत होता हे न विचारता त्याला आपल्या वेळापत्रकात बसवणं. मी आधी काम करायचे तिथे एक आजोबा रोज रात्री दोनला उठायचे आणि एकेक दार हलवून बघायचे. रात्रीच्या मावशी त्यांना हाताला धरून परत झोपवायच्या, ते पुन्हा उठायचे. फाइलमध्ये नोंद झाली, 'भटकतात'. मग झोपेची गोळी सुरू झाली. चौथ्या रात्री गोळीच्या गुंगीतच ते उठले, पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगी भेटायला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "बाबांनी तीस वर्षं रात्रपाळीचा पहारा केलाय." आठ महिन्यांत आम्ही कुणी हे विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. वॉकर घेऊन ते पुन्हा चालू लागले तेव्हा मावशींनी वॉकरला टॉर्च बांधून दिला. दोघं मिळून कड्या तपासायचे. शेवटची कडी ओढून झाली की आजोबा "सगळं ठीक आहे" म्हणायचे आणि आपणहून खाटेवर जायचे.

तेव्हापासून कुणालाही दाखल करून घ्यायच्या आधी मी घरच्यांसोबत तासभर बसते. किती वाजता उठायचे, आंघोळ कधी, चिडले तर कुणाचं ऐकायचे, हातांना कसली सवय आहे. आजाराचे कागद मी शेवटी उघडते. "एवढा वेळ कुठून आणायचा?" असं नवखे विचारतात. गोळी पाच मिनिटांत देऊन होते, हे खरं. पण पडलेल्या माणसाचं करण्यात महिने जातात.

दुसरी चूक पायाखालची: दारातलं गडद पायपुसणं. डिमेन्शियात खोल काय आणि सपाट काय याचा अंदाज चुकायला लागतो, त्यामुळे काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसू शकतं. एक आजी दोन्ही हातांनी चौकट धरून पायाच्या अंगठ्याने त्याची कड चाचपत उभ्या होत्या आणि मागून सगळे "चला ना आजी" म्हणून घाई करत होते. त्यांना बाहेर जायचंच नसतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी पायपुसणं उचललं आणि त्या चालत बाहेर गेल्या. चकचकीत फरशीचंही तसंच, ती ओली वाटते. संडासाचं सीट मात्र फरशीहून वेगळ्या, उठून दिसेल अशा रंगाचं हवं.

बाकीच्या चुका थोडक्यात. दिवसभर टीव्ही लावून ठेवू नका. आरशातला माणूस परका वाटून कुणी घाबरत असेल तर आरसा झाका. पाट्या उंचावर नको, नजर जाते तिथे लावा. म्हाताऱ्या माणसांशी बाळाशी बोलल्यासारखं बोलू नका. संध्याकाळी कुणी "घरी जायचंय" म्हणालं तर "हेच तुमचं घर" म्हणून वाद घालू नका. "घरी कोण कोण आहे?" असं विचारा आणि त्यांच्याबरोबर चार पावलं चाला.

घाई करायची ती एकाच ठिकाणी. कालपर्यंत बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम गोंधळला, बरळायला लागला किंवा नुसता पडून राहू लागला, तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, काहीही कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा आणि चालू गोळ्यांची यादी हाताशी ठेवा.