लामाला भेटताना हात खिशात ठेवा

लामा म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला लोकरीचा पाळीव प्राणी. ‘लामा थुंकतो, लांबूनच बघा’ हा सल्ला देणारे बहुधा त्याच्या जवळ कधी गेलेलेच नसतात. इंग्लंडमध्ये आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना वन्यजीव उद्यानात न्यायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. लामा थुंकतो हे खरं, पण बहुतेक वेळा दुसऱ्या लामावर, तेही खाण्यावरून. माणसाच्या अंगावर थुंकी येते ती बहुधा माणसाच्याच आगाऊपणामुळे.

आधी समोर लामाच आहे ना, ते बघा. लामाचे कान केळ्यासारखे बाकदार, त्याच्या भाऊबंद अल्पाकाचे सरळ, टोकदार. अल्पाका पुष्कळ लहान असतो. मोठा लामा दीडशे किलोच्या आसपास भरतो.

कुंपणाच्या आत जायचं की नाही, ते तिथल्या रखवालदाराला विचारा.

आता खरी गोम. गाय दिसली की तिच्या कपाळावरून हात फिरवायचा, गळ्याखाली खाजवायचं, ही आपल्या हाताची सवय. मीही पहिल्यांदा तेच केलं. लामाने कान मागे पाडले, नाक आभाळाकडे केलं. मला वाटलं, लाजतोय. पुढच्या क्षणी पोटातल्या अर्धवट पचलेल्या गवताचा हिरवा फवारा माझ्या कोटावर! कोट दोनदा धुतला, तरी वास गेला नाही. मागे पाडलेले कान आणि वर उचललेली हनुवटी म्हणजे शेवटची ताकीद. तेवढ्यात मुकाट दोन पावलं मागे सरका.

लामाला डोक्याला आणि पायांना हात लावलेला आवडत नाही. म्हणून हात खिशात घाला, थोडं तिरकं उभं राहा आणि थांबा. टक लावून बघू नका, ‘ये ये’ करू नका. त्याला वाटलं तर तो स्वतः येऊन तुमच्या तोंडाजवळ नाक आणेल आणि हुंगेल. लामा एकमेकांनाही असेच नाकाला नाक लावून भेटतात. तुम्हीही नाकाने हळू श्वास सोडा. हे लोकांना वेड्यासारखं वाटतं, वाटू दे. मग मानेच्या बुडाशी, खांद्याजवळ हात ठेवा. मऊ आहे म्हणून गळ्यात पडून फोटो काढणाऱ्यांना मी सोबत नेत नाही.

मध्येच ‘म्म्म’ असा सूर लागला तर घाबरू नका, लामा गुणगुणतातच.

खाणं उद्यानाने दिलेलंच, उघड्या सपाट तळव्यावर. गाईसारखेच त्यालाही पुढचे वरचे दात नसतात, ओठांनीच उचलतो.

दोरी धरून फिरवायला मिळालं तर ओढू नका. अँडीज पर्वतांत हजारो वर्षं ओझी वाहिलेला हा प्राणी भार जास्त झाला की सरळ बसकण मारतो, तिथे तुमची ओढाताण काय चालणार?

एक मात्र लक्षात ठेवा. बाटलीने दूध पाजून, माणसांतच वाढवलेला नर मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी नर समजू शकतो. असा नर छाती भिडवत अंगावर आला तर ते लाड नव्हेत. मुलांना आधी फाटकाबाहेर काढा, मग स्वतः बाहेर पडा आणि रखवालदाराला सांगा.