बंब पेटवताय? या चुका टाळा

आजीचा अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब माळ्यावरून उतरवायची सध्या हौस आली आहे. येऊ दे, मला आनंदच आहे. पण पुण्यात गारठा पडला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच: "काका, बंब गळतोय." मी एवढंच विचारतो, "पेटवला तेव्हा पाणी किती होतं?" की पलीकडे सगळं चिडीचूप.

आधी पाणी, मग विस्तव. मधल्या नळीत कोळसा जळतो आणि तिच्याभोवती पाणी असतं. पाणी आहे तोवर नळीचा पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. अहो, पण सांधे डाख देऊन जोडलेले असतात, आणि डाखातलं कथील २३२ अंशांनाच वितळतं. त्यात शिसं असेल तर त्याच्याही आधी.

आमच्याकडे हे एका नरक चतुर्दशीला झालं. घरात अकरा माणसं, पहाटे चारला बंब पेटवलेला. जो तो आपली बादली काढून घेत होता आणि भरायचं काम पुढच्यावर सोडत होता. आठवा नंबर माझ्या भाच्याचा. तोटीतून नुसतीच फुसफुस. शहाण्याने घाईघाईने दोन कळश्या गार पाणी एकदम ओतलं. नळीचा वरचा सांधा केव्हाच सुटला होता, पाणी थेट निखाऱ्यांवर गेलं. धाडकन वाफ आणि राखेचा लोट! उटणं लावलेला भाचा नखशिखांत राखाडी. भाजला नाही, हे नशीब. उरलेल्यांसाठी गॅसवर पातेली चढली.

दिवाळीनंतर बंब घेऊन कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. कारागिराने सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "कोरडा तापवलात." बस्स, एवढंच. तेव्हापासून बंबाशेजारी भरलेली कळशी असते. आधी ती ओतायची, मग तोटी सोडायची. पाहुणा असो की जावई, नियम तोच.

दुसरी चूक मात्र जिवावरची. फ्लॅटच्या बंद बाथरूममध्ये बंब ठेवून वर म्हणायचं, "लोणारी कोळसा आहे हो, धूर कुठे होतो?" धूर नाही हीच तर फसवणूक. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि आपल्याला वाटतं की पित्त झालं. तोवर दार उघडायचं त्राण राहिलेलं नसतं. खिडकीची एक फट उघडी ठेवून भागत नाही. बंब अंगणात किंवा मोकळ्या गॅलरीतच पेटवा आणि पाणी बादलीने आत न्या. चार पावलं चालायचा कंटाळा असेल तर गीझर लावा, बंबाचा नाद सोडा.

कालची राख तशीच ठेवून वर नवा कोळसा टाकू नका. खालची जाळी तुंबली की हवा येत नाही आणि कोळसा नुसता धुमसत राहतो. मग एखादा महाभाग हेअर ड्रायर घेऊन येतो! राख बाहेर अंगणभर. मी आधी सळईने जाळी मोकळी करतो, करवंटीच्या तुकड्यांवर कापराच्या दोन वड्या पेटवतो, आणि करवंटी धरली की मूठभर कोळसा टाकतो. पंधरा मिनिटं लागतात. लागू देत.

रॉकेल, पेट्रोल: नाही म्हणजे नाही.

दगडी कोळसाही नको. त्यातल्या गंधकाचा वास घरभर होतो आणि तांबं काळवंडतं. प्लास्टिकच्या पिशव्या जाळणाऱ्यांशी मी बोलत नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर आत क्षारांचा थर धरतो आणि पाणी तापायला उशीर लागतो. अधूनमधून चिंचेचं पाणी भरून रात्रभर ठेवतो, सकाळी खळखळून ओततो.

बाहेरूनही चिंच-मीठच. तारेची घासणी लावलेला बंब मला दुरूनही ओळखू येतो.

उन्हाळ्यात ठेवताना सगळं पाणी काढा, तोटी उघडी टाका, उन्हात वाळवा आणि मग वरची तोंडं फडक्याने बांधा. एका वर्षी मी फडकं बांधायला विसरलो. पुढच्या थंडीत नळीत करवंटी टाकली, तर आतून पाल उडी मारून थेट माझ्या बाहीत.