वावर एक, उत्तरं दोन

दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिलं प्रकरण रेषीय समीकरणांचं, दुसरं वर्गसमीकरणांचं. दोन्ही मला बरी जमायची. पुढे अकरावीत एक समीकरण रेषीय अन् दुसरं वर्गाचं अशी जोडी समोर आली, तेव्हा मी सवयीनं क्रेमरचे निश्चयक (सहगुणकांच्या चौकटी मांडून उत्तर काढायची रीत) मांडत बसलो. क्रेमरला दोन्ही समीकरणं रेषीयच लागतात, हे लक्षातच नव्हतं. चाचणीत भोपळा.

डोक्यात उजेड पडला तो यवतमाळकडच्या आमच्या वावरात. तारेच्या कुंपणासाठी बाबांनी लागून असलेले दोन धुरे (बांध) सलग मोजले, १४० मीटर. मधल्या कोपऱ्याचा आकडा लिहायचा राहिला. कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का बघायला तिरपं मोजलं होतं, ते १०० मीटर. परत मोजता आलं असतं, पण उन्हात कोण जाईल!

दहा मीटरचा एक भाग धरला, म्हणजे दोन धुरे मिळून १४ अन् तिरपं १०. कोपरा काटकोनी धरला, मग पायथागोरसनं तिरप्याचा वर्ग १००:
क्ष + य = १४
क्ष² + य² = १००

अशा वेळी सुरुवात कायम रेषीय समीकरणापासून करायची. य = १४ − क्ष, ही किंमत वर्गाच्या समीकरणात ठेवायची. माझ्या शिकवणीतली निम्मी पोरं इथेच घसरतात: (१४ − क्ष)² म्हणजे १९६ + क्ष² लिहून मोकळी. मधलं −२८क्ष गेलं की २क्ष² = −९६ येतं, अन् मग वहीकडे बघत बसतात. नीट सोडवलं तर क्ष² − १४क्ष + ४८ = ०, म्हणून क्ष = ६ किंवा ८.

आता य काढायलाही रेषीय समीकरणच घ्या. क्ष = ६ वर्गाच्या समीकरणात टाकलं तर य = ८ किंवा −८ मिळतं, आणि ६ − ८ काही १४ होत नाही. मी असे चार-चार जोड लिहून गुण घालवलेत.

खरे जोड दोनच: (६, ८) आणि (८, ६). बाबांना दाखवलं तर म्हणाले, "दोन कशे बे? वावर त एकच हाये!" बरोबरच होतं. लांबी कोणत्या धुऱ्याला म्हणायचं, एवढाच फरक. बाजू ६० आणि ८० मीटर.

तिरपं ९० मीटर भरलं असतं तर? २क्ष² − २८क्ष + ११५ = ०, विवेचक (ब² − ४अक) ७८४ − ९२० = −१३६, ऋण, म्हणजे खरं उत्तरच नाही. तसं काटकोनी वावर असूच शकत नाही. मग उन्हात जाऊन फीत परत लावायची.